काटक

मे महिन्यात गावी गेलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोरांना घेऊन बिरोबाच्या टेकडीवर जायचं, हा आमच्या घरातला जुना रिवाज. साताऱ्याच्या माण तालुक्यातली टेकडी ती. झाड औषधाला नाही, चढताना मुरूम पायाखालून सरकतो आणि सकाळी सातलाच ऊन पाठीवर येऊन बसतं. दोन वर्षांपूर्वी आम्ही तिघंच गेलो होतो. मी, माझा तेव्हा पंधरा वर्षांचा मुलगा आणि भावाची थोरली, वय सतरा. भाची रबरी चप्पल घालून निघाली आणि आम्ही अर्ध्यात पोचायच्या आत वर देवळाच्या कट्ट्यावर बसून पाय हलवायला लागली. माझ्या मुलाच्या पायात साडेसहा हजारांचे बूट होते. तो चार वेळा बसला. चौथ्यांदा बसला तेव्हा म्हणाला, "आई, इथूनच नमस्कार केला तर नाही का चालणार?"

घरी आलो तर आई ओसरीवर ज्वारी पाखडत होती. नातवाचा लालबुंद चेहरा तिनं पाहिला आणि सूप खाली ठेवलं. "पोरगं लई सुटलंय गं," ती म्हणाली, "आन् आमची बघ कशी, शेळीगत काटक."

काटक हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले आहे. बैल घेताना ऐकलाय, शेळी घेताना ऐकलाय आणि सून बघायला जाताना तर हटकून. अंगावर मांस नाही, तोंडात तक्रार नाही आणि ओढायला मागेपुढे बघत नाही, असा जीव म्हणजे काटक. पाऊस जेमतेम पडणाऱ्या आमच्या मुलखात यापेक्षा मोठं कौतुक नसतं.

ते कौतुक घेऊन मी पुण्याला आले आणि पाच महिने पुरवून वापरलं. लिफ्टमध्ये, ऑफिसच्या डब्याला, पालकसभेच्या रांगेत, जिथे मुलांच्या वजनाचा विषय निघेल तिथे मी टेकडीची गोष्ट सांगायची. ऐकणाऱ्या बायका माना डोलवायच्या. "गावाकडची मुलं मुळातच फिट असतात ना!" मला ते बरं वाटायचं. त्यात माझं माहेर मोठं होत होतं, आणि मुलाच्या सुटलेल्या पोटाचं खापर पुण्यावर फुटत होतं. सहाव्या मजल्यावरचं घर, लिफ्ट, दारात येणारी स्कूलबस, तीन ते सात क्लास, दहावी म्हणून पीटीच्या तासाला गणित. खेळायचं तर सात जणांनी वर्गणी काढून तासाच्या भाड्यानं टर्फ घ्यायचं, तेही रात्री नऊला, कारण त्याआधी मोकळी वेळ नाही. शरीर हलवायला पैसे मोजावे लागतात असं गाव म्हणजे शहर, हे माझं त्या वर्षीचं आवडतं वाक्य होतं.

ऑक्टोबरात भावाचा फोन आला. "काय नाही, थोरलीला जरा चक्कर आली ग्राउंडवर. उन्हाचं झालं असंल."

ग्राउंड म्हणजे काय हे शहरातल्या वाचकाला सांगायला हवं. पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी असते, ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. या सगळ्याला आमच्याकडे मिळून एकच शब्द, ग्राउंड. 'ग्राउंड कधी निघतंय', 'ग्राउंडला किती पडले', 'पोरीचं ग्राउंड चांगलं आहे.' तालुक्याच्या गावी करिअर अकॅडम्यांचे फलक आहेत, आणि पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर पोरापोरींच्या रांगा. यातल्या बहुतेकांना खेळाडू व्हायचं नसतं. बारावीनंतर पगाराची नोकरी हवी असते आणि त्या नोकरीच्या दारात स्टॉपवॉच घेऊन माणूस उभा असतो. आमच्या तालुक्यात मुलींना पळायला सोडण्यामागे आणखी एक कारण आहे. मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओला ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी कुणी भारतीय बाई ऑलिंपिकच्या धावपट्टीवर वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचली होती. त्यानंतर आमच्याकडे 'पोरीच्या जातीनं पळायचं का' हा प्रश्न निदान चारचौघांत तरी विचारला जात नाही.

तर भाची तिसऱ्या राउंडला खाली बसली आणि मग आडवी झाली. चेहऱ्यावर पाणी मारलं, लिंबू-सरबत दिलं, उठून बसली, घरी आली. चार दिवसांनी पुन्हा तेच. मग मी हट्ट धरला म्हणून तालुक्याच्या लॅबमध्ये रक्त तपासलं. रिपोर्टचा फोटो व्हॉट्सॲपवर आला. हिमोग्लोबिन ८.४. या वयाच्या मुलीला १२ तरी हवं. आठाच्या खाली गेलं की डॉक्टर 'तीव्र' म्हणतात; म्हणजे आमची काटक पोर त्या रेघेच्या चार दशांश वर उभी होती.

भाऊ फोनवर म्हणाला, "अगं पण ती तर पळती की!"

त्या वाक्यानं माझीच इतक्या महिन्यांची बडबड माझ्यापुढे आणून ठेवली. ती पळते, म्हणजे ती बरी आहे. ती टेकडी चढते, म्हणजे तिला काही कमी नाही. रक्त हळूहळू वर्षानुवर्षं कमी होत गेलं की शरीर त्याची सवय करून घेतं. हृदय जरा जोरात चालतं, माणूस जरा लवकर दमतो, आणि दमलं तरी बसायचं नसतं हे घरानं आधीच शिकवलेलं असतं. बाहेरून दिसतो तो काटकपणा.

दिवाळीत गेले तेव्हा मी तिच्या मागे मागे राहून तिचा एक दिवस पाहिला. साडेचारला उठली. कपभर चहा, त्यात दोन बटर बुडवून. पाच ते साडेसहा ग्राउंड. बूट आठवडी बाजारातले, टाचेला झिजून कलते झालेले, त्यामुळे नडगी दुखते, त्यावर बाम. घरी येऊन शेणकूर, पाणी. मग चटणी-चपाती आणि पुन्हा चहा. एसटीनं कॉलेज. दुपारी डबा असतो, पण तिच्या म्हणण्याप्रमाणे 'बस चुकंल म्हणून' तो निम्मा परत येतो. स्टँडवर पाच रुपयांचं कुरकुरीत पाकीट. संध्याकाळी पुन्हा ग्राउंड, मग स्वयंपाकाला हात, आणि सगळ्यात शेवटी वहिनीबरोबर जेवण. भात, पातळ आमटी, उरली असेल तर भाजी.

बाजरी कुठे गेली, मी विचारलं. आमच्या लहानपणी हिवाळाभर बाजरी आणि एरवी ज्वारी. वहिनी म्हणाली, "ताई, रेशनला गहू-तांदूळ येतोय, मग बाजरी कोण करणार? राखण करायला माणूस न्हाई, पाखरं ठेवत न्हाईत." खरं होतं तिचं. बाजरीत लोह गव्हापेक्षा जास्त. त्यातलं सगळंच अंगी लागतं असं नाही, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर आणखीच कमी. पण ताटात असण्या-नसण्यात फरक आहे.

मग दूध. दारात दोन संकरित गाई. सकाळी सतरा लिटर दूध निघतं. कॅन भरून डेअरीला जातो, तिथे फॅट लागते, दहा दिवसांनी बिल होतं. घरात राहतं ते चहापुरतं, एक तांब्या. मी म्हटलं, पोरीला पेलाभर देत जा. भावानं हिशेब सांगितला. पेंडीचं पोतं केवढ्याला, डॉक्टरची व्हिजिट केवढ्याला, बँकेचा हप्ता केवढा. तो कंजूष नाही. गाईला पेंड वेळच्या वेळी मिळते, कारण नाही मिळाली तर दुसऱ्या दिवशी कॅनमध्ये दिसतं. पोरीला नाही मिळालं तर कुठंच दिसत नाही. अंडी विकत नाहीत, घरातच खातात. पण ती धाकट्याला. का, तर "त्यो तालमीत जायचा म्हणतोय."

धाकट्याबद्दल दोन ओळी लिहायलाच हव्यात, नाहीतर गावातली सगळी पोरं पहाटे उठून पळतात असा समज होईल. तो सोळाचा. तालमीत गेलेला अजून तरी कुणी पाहिला नाही. विहिरीवरची मोटर चालू करायला त्याचे काका, म्हणजे माझे चुलतभाऊ, त्याच्या वयाचे असताना दिवसातून तीनदा अर्धा कोस चालायचे. आता मोटरला मोबाईल स्टार्टर आहे, खाटेवर पडल्या पडल्या नंबर लावला की पाणी सुरू. टपरी घरापासून तीनशे पावलांवर. तिथे तो मोटरसायकलवर जातो. बाकी वेळ देवळामागच्या लिंबाखाली, कारण रेंज तिथे येते. पाच-सहा जण माना खाली घालून गेम खेळत बसलेले असतात आणि मध्येच एखादा तोंडातला मावा थुंकायला उठतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. लिंबाखालची माती बघितली तर पटणार नाही. त्या पोरात आणि माझ्या पोरात आता अंतर म्हणाल तर भिंतीचं. एक आत बसून खेळतो, एक बाहेर बसून.

त्या दिवाळीनंतर मी वाचत सुटले. आपल्या घरात काही निघालं की माणूस वाचतोच. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के रक्तक्षयी निघाल्या. शंभरात एकोणसाठ. म्हणजे हा आजार भाचीला 'झाला' म्हणण्यात अर्थ नव्हता. तो नसलेल्या मुलीच कमी होत्या. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते, सरकारचा कार्यक्रमच आहे. भाचीला विचारलं तर ती हसली. गोळीनं मळमळतं, शी काळी होते, आणि वर्गातल्या कुणीतरी उठवलेलं की त्यानं मूल होत नाही. मग सगळ्याजणी गोळी जिभेखाली धरायच्या आणि बाई वळल्या की शाळेमागच्या बाभळीत. "आत्या, त्या बाभळीला काय शेंगा लागतेत म्हणून सांगू!"

आणि एक गोष्ट कागदावर कधीपासून होती, माझ्या डोक्यात आली नव्हती. शाळेतलं दुपारचं जेवण आठवीपर्यंत असतं. खिचडी, उसळ, जे काही असेल ते. पण रोज, गरम आणि मुलगा-मुलगी न बघता. नववीला ते ताट बंद. बहुतेक मुलींची पाळी साधारण त्याच्या आगेमागे सुरू झालेली असते, उंची वाढत असते, शाळा लांबची झालेली असते आणि घरी त्या 'आता मोठी झाली' म्हणून शेवटच्या पंगतीला बसायला लागलेल्या असतात. शरीराचं मागणं वाढतं नेमकं तेव्हाच.

स्टीपलचेसचा धावपटू अविनाश साबळे बीडच्या मांडव्याचा. लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत पायी जायचा, हे आता सगळ्यांना पाठ आहे. त्यानं २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य मिळवलं आणि पुढच्या वर्षी आशियाई स्पर्धेत सुवर्ण. माणूस थोरच. पण त्याची गोष्ट सांगताना आपण सहा किलोमीटरची वाट अशी सांगतो, जणू ती सरकारनं दिलेली क्रीडा शिष्यवृत्ती होती. त्या वाटेनं गेलेल्या बाकीच्या पोरांचं रक्त कुणी तपासलं होतं?

हे सगळं मी तावातावानं डॉक्टरांना सांगत होते. आमच्या भागातले बालरोगतज्ज्ञ, मुलगा जन्मल्यापासून त्यांच्याकडेच जातो. त्याला सर्दी झाली होती, म्हणून गेलो होतो. डॉक्टर माझं ऐकत होते आणि बघत होते मुलाच्या मानेकडे. "हे कधीपासून आहे?"

मानेच्या मागे घडीत काळसर, जरा मखमलीसारखा पट्टा होता. मी म्हटलं, उन्हाचं असेल, नीट घासत नाही तो. गावी गेला की त्याची आजी तर डाळीचं पीठ आणि साय लावून लावून मान सोलून काढते. "मळ नाही हा," डॉक्टर म्हणाले. "घासून नाही जायचा." त्यांनी खणातून शिंप्याची असते तशी टेप काढली. उंची १६३ सेंटिमीटर, कंबर ९१. कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत हवी, एवढंच लक्षात ठेवा म्हणाले. तो मानेवरचा पट्टा म्हणजे शरीरात इन्सुलिन जास्त तयार होतंय आणि कमी कामाला येतंय, याची बहुतेक वेळा पहिली पाटी. रक्त तपासलं, तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी ५.९ आली. मधुमेह नाही, पण उंबऱ्यावर. दहावीतला मुलगा.

"घरात कुणाला शुगर?"

"मला. चाळिशीपासून." मी तर जाडही नाही. कधीच नव्हते.

तेव्हा त्यांनी एक फोटो दाखवला. 'लॅन्सेट'मध्ये २००४ साली छापून आलेला आहे तो. दोन शास्त्रज्ञ शेजारी शेजारी उभे, एक इंग्लंडचे युडकिन, दुसरे आपल्या पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक. दोघंही सडसडीत, उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर इंग्रजाच्या ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. बारीक दिसणाऱ्या देशी अंगात लपलेली चरबी. याज्ञिकांच्या गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचा आणि नंतर त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीनची. आपली बाळं लहान, हाडं-स्नायू बेताचे. पण चरबी मात्र त्या मानानं राखलेली. पोटात असताना पुरेसं मिळालं नाही की शरीर काटकसरीला लागतं. पुढे दुष्काळ आहे असं धरून चालतं. पुढे दुष्काळाऐवजी स्कूलबस आणि पिझ्झा आला तर ते शरीर काय करणार?

मी गाडीत बसून राहिले. चावी फिरवायचं सुचेना. माझा जन्म फेब्रुवारी १९७३ चा.

इतके महिने मी दोन पोरं दोन पारड्यांत घालून फिरत होते. गावचं एक, शहरचं एक. तुलनाच चुकली होती असं नाही. टेकडीवर कोण आधी पोचतं हे काही खोटं नव्हतं. पण ही दोन शरीरं वेगवेगळ्या मातीतली नव्हतीच. एकाच घराची भूक दोघांनी निरनिराळ्या ठिकाणी नेली होती. भाचीच्या ती रक्तात होती आणि माझ्या पोराच्या मानेवर.

पुढचं थोडक्यात सांगते. भाचीला डॉक्टरांनी जंताची गोळी आणि रोजची लोहाची गोळी दिली, लिंबाबरोबर घ्यायची, चहापासून दोन तास लांब. चहाचंच सगळ्यात जड गेलं. चार महिन्यांत हिमोग्लोबिन ११.६ झालं आणि आठशे मीटरची वेळ सव्वीस सेकंदांनी खाली आली. म्हणजे ती इतकी वर्षं हातब्रेक ओढलेली गाडी पळवत होती. मुलगा आता सातला क्लास सुटल्यावर चालत घरी येतो, सव्वातीन किलोमीटर. पहिले पंधरा दिवस बोलला नाही माझ्याशी. पट्टा फिका झालाय. कंबर ८६. टर्फ सोडलेलं नाही, आणि रविवारी मित्रांबरोबर आतकरवाडीच्या वाटेनं सिंहगड चढतो. वर भजी खातो, हे मला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक नाही.

गेल्या मे महिन्यात पुन्हा गावी गेलो. रात्री अंगणात जेवायला बसलो होतो. भावानं बाजरी केली नव्हती, पण आईनं हट्टानं बाजारातून आणवली होती. ती चुलीपुढे, आम्ही पुढे ताटं घेऊन. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, बहात्तरला तू माझ्या वेळी गरोदर होतीस, तेव्हा काय खात होतीस गं?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली. वरून पाणी फिरवलं.

"खायला काय असतंय? दुष्काळी कामावर हुतो आम्ही. खडी फोडायची, ब्रासाचं माप द्यायचं. सुकडी मिळायची, ती थोरल्याला द्यायची मी. मिलोच्या भाकरी. लाल असायच्या, गिळायच्या न्हाईत. सातव्या म्हैन्यापतोर फोडली खडी."

"आणि मी झाले तेव्हा केवढी होते?"

"तवा कोण मोजतंय? मूठभर हुतीस. सुईण म्हणली, आक्का, ही काय राहत न्हाई." आई भाकरी विस्तवाकडे उभी करत हसली. "पर काटक निघालीस."

आणि न विचारता तिनं नातवाच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली, वर लोण्याचा गोळा.